रिकामं यंत्र

माझे प्राध्यापक उस्ताद मेहरयार गेले तेव्हा प्रयोगशाळेत त्यांची हिरवी पूड धुतली जात होती. यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

पूड झिओलाइटची. तिच्या कणांत सूक्ष्म खोल्या असतात, दारं अरुंद. तांबं आधी आत जातं, मागून एक लवचिक रेणू शिरतो, दोघांची गाठ पडते आणि एवढा मोठा संसार मग बाहेर निघत नाही. बाहेर नुसतं चिकटलेलं हिरवं मात्र धुऊन जातं. म्हणून पुडीवर गरम मिथेनॉल ठिबकतं, नळी भरते आणि घुटकन रिकामी होते.

उस्तादांच्या पत्नी, तूबा खानूम, हलवा घेऊन आल्या आणि यंत्रासमोरच बसल्या. मग सगळं काशान शहर तिथंच सांत्वनाला येऊ लागलं. काळी फीत लावलेला उस्तादांचा फोटो थंड पाण्याच्या नळीला टेकवला गेला. मिथेनॉलची नळी रिकामी झाली की खानूमची नणंद सलवात, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, म्हणायची, मागोमाग सगळे. विभागप्रमुखसुद्धा.

"पेज्मान जान, हे फिकट होतंय."

"बाहेरचं चाललंय, खानूम."

"आणि पांढरंच पडलं तर?"

"तर आत कधी काही नव्हतंच. उस्तादांचं म्हणणं खोटं, माझा प्रबंध बुडाला. मग मामाच्या गालिच्यांच्या दुकानात."

"मामाला विचारलंस?"

"नको म्हणालाय."

त्या हसल्या नाहीत. मी हळूच म्हटलं, "आत्ता बंद केलं तर बरंच हिरवं राहील."

"मेल्या, वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवशील?" म्हणत त्यांनी खुर्ची सरकवली ती थेट बटणासमोर.

सातव्याच्या दिवशी द्रावण स्वच्छ उतरू लागलं. मी पूड काढून वाळवली, कागदावर ओतली. विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. "पांढरी," ते म्हणाले.

खानूमनी चहाबरोबरचा साखरेचा खडा पुडीशेजारी ठेवला. खडा पांढरा होता. पूड तेवढी पांढरी नव्हती, किंचित हिरवट होती.

चिमूटभर पूड मी बेंझिल अल्कोहोलात टाकली, ऑक्सिडीकरणाला लागणारं पेरॉक्साइड घातलं आणि चंबू तापत ठेवला. संध्याकाळी खोलीभर कडू बदामाचा वास सुटला. उस्ताद सांगायचे तोच, आत तांबं असलं तरच येणारा.

"एवढंसंच होतं आत?" खानूमनी विचारलं.

"एवढंसंच. पण आत होतं."

तो खडा दातांत धरून त्या चहा प्यायल्या. मागं यंत्र रिकामंच चालू होतं. नळी भरली, घुटकन उतरली. सगळ्यांनी सलवात म्हटली.

मी उठलो, पण हात बटणापर्यंत जाईना.

"बस तू," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः बटण बंद केलं.