मशीन वसूल होईपर्यंत

उद्धवरावांनी आयुष्यात तोट्याचा व्यवहार एकदाही केला नाही, असं खामगावात त्यांच्या गल्लीतलं कोणीही सांगेल, आणि सांगताना जरा नाकही मुरडेल. नगरपालिकेत कारकुनी करून रिटायर झालेला हा माणूस कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोन्ही बाजूंनी उलटून पाहायचा. साबण घ्यायचा तर अख्खा गठ्ठा, तेल घ्यायचं तर मोठा डबा. मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. त्या धर्मात त्यांच्या बायकोनं, शैलजाबाईंनी, सारा संसार मुकाट निभावला.

म्हणूनच अकोल्याच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर शैलजाबाई "टूथपेस्ट लहानच आणा" असं म्हणाल्या, तेव्हा उद्धवरावांच्या काळजात चर्र झालं. पुढं चहापत्ती लहान, हळदीची पुडी लहान, तेल एका किलोची पिशवी. हे महाग पडतं, असं दर वेळी त्यांच्या अगदी ओठांवर यायचं. पण ते बोलायचं म्हणजे त्याच्या पुढचंही बोलणं आलं. ते निमूट लहान पुड्या आणू लागले.

शैलजाबाईंच्या अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टरांनी उद्धवरावांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, "काकूंना जे खावंसं वाटेल ते द्या." डॉक्टर असं कधी म्हणतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. उद्धवरावांनी ते वाक्य घरी आणलं नाही. शैलजाबाईंनी ते त्यांच्या तोंडावर वाचलं.

त्यांना खावीशी वाटायची भाकर, आणि घशाखाली उतरायचा तो फक्त दुधात भिजवलेला ब्रेड. आता आपल्याकडे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. घरात पुडा दिसला की शेजारीण विचारणारच, "कोणाले बरं नाही?" शैलजाबाईंनी जन्मभर ब्रेडला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. आता तोच रोज ताटलीत. त्यातून बेकरीच्या ब्रेडच्या कडा चिवट. त्या कापून उद्धवराव स्वतः चहात बुडवून खायचे, आणि तरीही उरलेल्या पुड्याला बुरशी यायची. तो फेकताना त्यांचा जीव तुटायचा.

पुण्याला असलेली मुलगी हिमानी एकदा फोनवर सहज बोलून गेली, की घरच्या घरी ब्रेड करायची मशीन मिळते. झालं. उद्धवराव हात धुऊन तिच्या मागं लागले. हिमानीनं दोन मशीनचे फोटो पाठवले. एक लहान, दोन माणसांपुरती, स्वस्त. दुसरी मोठी, महाग, पण गॅरंटी जास्त वर्षांची. मैदा, यीस्ट, दूध, वीज असा सगळा खर्च त्यांनी तोंडी मांडला आणि ठरवलं, मोठी घ्यायची.

"बाबा, मोठी कशाला?" हिमानीनं विचारलं.

शैलजाबाईंनी खोकं उघडताना पाहून तेच विचारलं. "एवढी मोठी काऊन आणली? खाणारी मी एकटी."

"तुह्या अंगात ताकद आली की खुराक वाढन ना तुहा," उद्धवराव खोक्यातच तोंड घालून म्हणाले. "अन् मी हिशेब केला. बेकरीच्या मानानं दोन वर्षांत मशीन पुरी वसूल."

दोन वर्षं हे शब्द खोलीत तसेच राहिले. एवढा चोख हिशेबाचा माणूस, आणि चुकला तो इथं, हे शैलजाबाईंना कळलं. तो मुद्दाम चुकला हेही कळलं.

"आजारपणाले कायमची खोली काढून दिली तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला ब्रेड उद्धवरावांनी स्वतःच्या अकलेनं केला. नुसता मैदा पोटाला बरा नाही, शिवाय हिला भाकरीची चव मिळेल, म्हणून त्यांनी अर्धं ज्वारीचं पीठ घातलं. मशीन गुरगुरली, तिनं शिट्ट्या मारल्या आणि शेवटी भिंतीत बसवता येईल अशी वीट बाहेर आली.

"अहो, ज्वारी कधी फुगते का?" शैलजाबाईंना हसू आवरेना. हसताना घसा दुखत होता, तरी हसल्या. "ज्वारीले हाताचा थापा लागते. मशीन काय थापन?"

दुसऱ्या दिवशी त्या ओट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या. मशीनच्या भांड्यात आधी कोमट पाणी, मग पीठ, मीठ एका कडेला, साखर दुसऱ्या, आणि यीस्ट सगळ्यांत वर, कोरडं. ब्रेड कापसासारखा झाला. हिमानीला फोटो गेला. पण यीस्ट संपत आलं तेव्हा त्यांनी बजावलं, "लहान पुडी आणजा. मोठी कोण संपवन?"

आणि एका सकाळी, दुधात भिजलेला तुकडा कसाबसा गिळून झाल्यावर, त्यांनी आपला बेत सांगितला. शेजारच्या आशाबाई दवाखान्यातल्या पेशंटांना डबे पुरवायच्या. त्यांच्या डब्यांबरोबर ब्रेड द्यायचा. मऊ, ताजा, बेकरीपेक्षा चार रुपये कमी.

"रोज मशीन लावली तं लवकर वसूल होईन," त्या म्हणाल्या. "माह्यासमोर झाली पाहिजे. मागं तुमच्या जिवाले तोटा नको लागाले."

उद्धवरावांनी हातातली ताटली खाली ठेवली. "असं काऊन बोलतं तू?"

"मंग कसं बोलू? तुम्ही हिशेबानं बोलता, मीही हिशेबानं बोलून राह्यली."

धंदा चालला. चालला म्हणजे चांगलाच चालला. सकाळी एक, दुपारी एक, पुढं संध्याकाळीही. शैलजाबाई खुर्चीतून नजर ठेवायच्या आणि रोज विचारायच्या, किती फिटली? उद्धवराव सांगायचे. पाव फिटली. अर्धी फिटली. आकडा ऐकला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं, प्रवासाला निघालेल्या माणसाची बांधाबांध पुरी होत आली म्हणजे दिसतं तसं. ते समाधान उद्धवरावांना पाहवेना. जन्मभर नफ्यानं सुखावलेला हा माणूस नफ्याला भिऊ लागला.

उंद्रीचा एक शेतकरी, शेषराव, आईला घेऊन दवाखान्यात आला होता. आशाबाईंच्या सांगण्यावरून तो ब्रेड न्यायला थेट घरी आला. खिशातून पैसे काढू लागला तसा उद्धवरावांनी त्याचा हात धरला. "राहू दे. मायले खाऊ घाल."

तोंडातून शब्द गेले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आजच्या दिवसात मशीन तेवढी कमी फिटली. मग ते हळूहळू सगळ्यांनाच तसंच देऊ लागले. घरी विचारणा झाली की म्हणायचे, मैदा महागला, वीज महागली. अर्धी फिटलेली मशीन अर्ध्यावरच थांबली.

असली गोष्ट आशाबाईंच्या पोटात किती दिवस राहणार? रिकामे डबे घेऊन आल्या आणि शैलजाबाईंच्या पुढ्यातच म्हणाल्या, "भाऊंले झालं काय हो वहिनी? कोणाकडूनच पैसे घेऊन नाही राह्यले!"

आशाबाई गेल्यावर घरात मशीनचा आवाज तेवढा राहिला. उद्धवराव चोरी पकडल्यासारखे उभे होते.

"फुकट वाटता?" शैलजाबाईंनी विचारलं.

"हाव."

"तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "पुरी फिटली की तू म्हणशीन, झालं आता. मले नाही फिटू द्याची ती मशीन, शैला. बुडू दे माहे पैसे."

लग्नानंतर हा माणूस त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडला. तोंडावर पंचा धरून, आवाज दाबून. शैलजाबाई उठल्या नाहीत, उठण्याची ताकद नव्हती. त्यांनी हात लांब करून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि तसंच धरून ठेवलं. आपण निघायची तयारी नीटनेटकी करत होतो, आणि हा दाराशी आडवा पडला होता. हे इतके दिवस दिसलं कसं नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

मशीननं शिट्टी दिली. उद्धवरावांनी डोळे पुसून ब्रेड काढला, मधला मऊ तुकडा दुधात बुडवून त्यांना भरवला. तो उतरायला वेळ लागला. ते पाठीवरून हात फिरवत राहिले.

"साखर जास्त होते," त्या म्हणाल्या. जेवणाला नावं ठेवण्याएवढी आस्था त्यांनी बऱ्याच दिवसांनी दाखवली होती.

"कमी टाकतो."

"अन् यीस्ट संपलं का?"

"उद्या आणतो. लहान पुडी..."

"लहान नका आणू," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांनी सदऱ्याचं टोक अजून सोडलं नव्हतं. "मोठी आणा. लहान महाग पडते."