देवासमोर काढून ठेवलेले लाल बूट

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझ्या हाती चिपळ्या नाहीत की गळ्यात वीणा नाही, पण एक कथा आहे, ती मनापासून सांगतो. मी एक जुना, लाल बुटांचा जोड आहे. आज खाटेखाली धूळ खात पडलोय. पण मी वादळवीराच्या पायात होतो. हो, तोच, सिनेमात इमारतींवरून झेपावणारा! ज्याचे पाय माझ्यात असत, त्याचा चेहरा मात्र तुम्ही कधी पाहिलेला नाही. ही कथा त्याची.

कल्याणच्या भिवाकाकांनी मला हाताने शिवलं. हुबेहूब दोन जोड केले. एक मोठ्या नटासाठी, आणि दुसरा, म्हणजे मी, साईनाथसाठी. मुखवटा चढवला की दोघे सारखेच दिसत. बोलायचं, हसायचं ते नटाने. उडी मारायची वेळ आली की साईनाथ. तो कोपरच्या खाडीकाठचा. लहानपणी खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याने पाय कापला होता, तेव्हापासून उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. भिवाकाकांनी तिच्यासाठी माझ्या चामड्याला थोडा फुगवटा दिला. म्हणाले, "आता हा दुसऱ्या कोणाच्या पायाला बसायचा नाही बघ."

वादळवीराचा पहिला भाग फार गाजला. नटाचा जोड काचेच्या पेटीत बसला, लोक त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. मला कोणी विचारलं नाही. पण दुःख त्याचं नव्हतं. त्या भागात इतकी मारामारी, इतकं रक्त, की तो फक्त मोठ्यांसाठी ठरला. साईनाथच्या मुलीला, छोट्या पायलला, काही तो बघता आला नाही. शाळेत मुली चिडवायच्या, "तुझे पप्पा वादळवीर? मग आमचे पप्पा पंतप्रधान!" पायल घरी येऊन नुसती माझ्याकडे बघत बसायची.

मित्रांनो, माझं खरं सुख देवळाच्या पायरीखाली होतं. शूटिंग संपलं की साईनाथ तडक गावच्या विठ्ठल मंदिरात यायचा, मला बाहेर काढून ठेवायचा आणि टाळ घेऊन कीर्तनकार दामाजीबुवांच्या मागे उभा राहायचा. सगळी कीर्तनं मी बाहेरूनच ऐकली, पण कान भरून ऐकली. नामाचा गजर टिपेला पोचला की साईनाथ पावली घालायचा. टाळाच्या ठेक्यावर पुढे, मागे, हलकेच एक उडी. पायलची आजी हौसाबाई नातीला पुढ्यात घेऊन बसे. गाभाऱ्याशी गेल्यावर तिचं एकच सांगणं असे, "आदी पायांकं बग गं, मंग तोंडाकं. देव पायांशीच वलखाचा."

मग दुसरा भाग आला. पहिल्यापेक्षा हलकाफुलका, लहान मुलांनी आईवडिलांबरोबर बघावा असा. साईनाथ त्या दिवशी घरी आला तो नाचतच. "पायल, हा तुझ्यासाठी हाय! शेवटाला टाकीवरनं मोठी उडी हाय, ती आली का समज, तो मीच."

ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर मोठा सेट लागला होता. त्यात एक देऊळही उभारलेलं. वादळवीर लपतछपत तिथे येतो आणि गजर ऐकून भान हरपून नाचतो, असा प्रसंग. नटाला काही पावली जमेना. साईनाथला बोलावलं. तो आला, देवळासमोर थांबला, आणि सवयीने मला काढून बाजूला ठेवलं.

"अरे, बूट घाल ना!" दिग्दर्शकाचा सहायक ओरडला.

"देवासमोर बूट घालून पावली? जमाचा नाय, साहेब."

"अरे बाबा, तो देव थर्माकोलचा आहे!"

"असू दे. पावली तर खरी हाय ना?"

सगळे हसले. तेवढ्यात ऊन उतरू लागलं, कॅमेरावाला घाई करू लागला. "घेऊन टाका, पाय कोण बघतंय!" असं म्हणून अनवाण्या पायांनीच तो प्रसंग झाला. मी कोपऱ्यातून बघत होतो. मुखवट्याआड साईनाथ काय मनापासून नाचला म्हणून सांगू!

पण टाकीवरच्या उडीत कमरेला बांधलेला दोर सटकला.

तो क्षण मला अजून आठवतो. त्याचा गुडघा मोडला, तेव्हा मी त्याच्या पायात होतो. इस्पितळात मला पिशवीत भरून त्याच्या बायकोच्या, हेमांगीच्या हातात दिलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. उड्या संपल्या, पावली संपली. देवळातही तो आता भिंतीला टेकून बसतो आणि टाळ मांडीवर ठेवून देतो. एकदा पायल म्हणाली, "पप्पा, वाजवा ना." तो म्हणाला, "पाय नाय हलत, तर हातपण नाय हलत गं."

सिनेमा लागला, तेव्हा सगळं घर डोंबिवलीच्या थिएटरात गेलं. पायलने मला पिशवीत घालून घेतलं. दारातला रखवालदार पिशवीत डोकावला.

"हे काय?"

"वादळवीराचे बूट."

"बरं झालं. मला वाटलं, भेळ आणलीस."

ती मला मांडीवर घेऊन बसली. पडद्यावर गमतीच गमती चालल्या होत्या, पोरं खिदळत होती. साईनाथ खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसला. "आता बघ, आता येल उडी." टाकी आली. वादळवीर वर चढला. आणि छत्री उघडून, तोंड वेडंवाकडं करत, तरंगत खाली उतरला! पोरांनी टाळ्या पिटल्या. छत्री धरणारा तो नट होता. उडी कापली होती. मुलं घाबरतील म्हणून कापली असेल; त्यांचंही चुकलं असं मी कसं म्हणू?

साईनाथने चाचपडत काठी शोधली. "हेमांगी, चल. निगूया."

"अवो, थांबा. लोक बसलेत."

तो उठू लागला. तोच देऊळ आलं. सगळ्या संकटांतून सुटलेला वादळवीर शेवटी लपतछपत गजरात शिरतो, असा तो शेवटचा प्रसंग. टाळ सुरू झाले. सगळं थिएटर मुखवट्याकडे बघत होतं. पायल मात्र, आजीने लावलेल्या सवयीने, आधी पायांकडे बघत होती.

"आजी! करंगळी बघ! पप्पांची करंगळी!"

हौसाबाईने डोळे बारीक केले. मग भर थिएटरात दोन्ही हात जोडले. "माजा पोर गं! बूट काढून नाचतंय माजा पोर!" मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, हळू." मावशी कुठल्या हळू होतात!

साईनाथ पुन्हा खाली बसला. आपल्याच पायांची पावली बघत होता. ते पाय आता त्याला परत मिळणार नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. किती दिवसांनी!

शेवटी नावं वर सरकली. पायलने सगळी वाचली. त्यात साईनाथ नव्हता. ती पिशवीत हात घालून माझ्या फुगवट्यावरून बोट फिरवत राहिली.

आता मी पुन्हा खाटेखाली आहे. पुन्हा कोणाच्या पायात जाणार नाही, आणि त्याची खंतही नाही. ज्या प्रसंगाने पायलला तिचे पप्पा दाखवले, त्यात मी नव्हतोच. देवासमोर काढून ठेवला गेलो होतो. मित्रांनो, तुमचा लाडका वीर पडद्यावर उंचावरून झेपावेल, तेव्हा खुशाल टाळ्या वाजवा. टाळ्या संपल्या की मात्र क्षणभर खाली, पायांकडे बघा. तिथे कोणाचा तरी बाप असतो, कोणाचा तरी मुलगा असतो. त्याच्या दोराची गाठ कोणी नीट पाहिली का, एवढं विचारायला शिका. आणि हात जोडाल तेव्हा कोपरच्या साईनाथची आठवण ठेवा.