सात नंबरचा ससा

माझ्या दाजींच्या हाती प्राणिगृहाची किल्ली आली, तेव्हापासून ते स्वतःला तमाम सशांचे मामा समजतात. प्रयोगशाळेतली माझी नोकरीही त्यांच्याच शब्दामुळे लागली, हे ताईला आठवड्यातून दोनदा ऐकवतात.

यंदा पोटातले जंत ओळखणाऱ्या दोन रक्ततपासण्यांचा सामना होता. एक मी दोन वर्षं खपून बसवलेली, दुसरी बाहेरून आलेली, तयार डब्यातली. ससे बारा. सहांना दाजींनी गोल जंतांची अंडी पाजायची, सहांना नुसतं पाणी. कोणाला काय दिलं, ते फक्त त्यांच्या वहीत. जी तपासणी वहीशी जास्त जुळेल ती राहणार, दुसरी बंद.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी वही उघडली. डब्यातली बाराला बारा. माझी अकरा. सात नंबरला मी निरोगी ठरवलं होतं आणि वहीत होतं, ‘अंडी दिली’.

दोन वर्षं पाण्यात गेली. मला रडूच येत होतं. पण ऊठसूट सल्ले देणारे दाजी मूग गिळून खिडकीबाहेर बघत होते, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

“दाजी, सातला पाजलंत ना?”

“वहीत आहे की.”

“वहीचं नाही विचारत, सशाचं विचारतेय.”

ते कान खाजवू लागले. “तो माझ्या हातावर डोकं ठेवून झोपतो गं. नाही झालं माझ्याच्यानं. त्याचा वाटा उकळत्या पाण्यात ओतला.”

म्हणजे माझी तपासणी खरी, वहीच खोटी. दाजी आपणहून मॅडमसमोर गेले, मान खाली घालून.

“आता तुमच्या शब्दावर कशी विसंबू?” मॅडम म्हणाल्या. “सातला मारून, उघडून यकृत बघू. जंत नसले तर हिची तपासणी जिंकली.”

दाजींचा चेहरा पार उतरला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि जिंकायचंही होतं.

“सात दोन्हीकडून वगळा, मॅडम,” मी म्हणाले.

अकरा-अकरा, बरोबरी. सामना पुन्हा, नव्या सशांवर. या वेळी तपासण्या मॅडम करणार आणि अंडी मी पाजणार, ही दाजींच्या पुण्याईची फळं.

पहिलाच ससा मांडीवर घेतला, तर त्यानं माझ्या मनगटावर डोकं टेकवलं. दाजी दारात उभे होते. मी टोमण्याची वाट बघत होते.

“डोळे मिटू नकोस,” ते हळूच म्हणाले. “मिटले की मग नाही होत.”

मी डोळे उघडे ठेवून पाजलं आणि वहीत खरं तेच लिहिलं.