पेल्याचा एक्का आणि नळाची तोटी

टेबलावर एकोणीस पुस्तकं होती. अकरा जाड पुठ्ठ्याची, सहा कागदी वेष्टनाची आणि दोन अंगावर काहीच नसलेली. शिवाय भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा एक जुना जोड. त्यात अठ्ठ्याहत्तर पत्ते असायला हवे होते, निघाले शहात्तर. आणि एका पुस्तकाच्या पानांत चपटी होऊन मेलेली कसर, एक. कसर मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मामा तिला मोजपट्टी म्हणायचा तो काही उगाच नाही.

दुकान मामाचं, जुन्या पुस्तकांचं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मोजपट्टी नोकरी शोधत होती. नोकरीही बहुधा तिला शोधत असावी, पण दोघींची चुकामूक होत होती. तोवर ती दुकानात बसायची.

"एका संग्राहकाला ही सगळी पुस्तकं हवीत," मामा म्हणाला. "ही टॅरोचे अर्थ सांगणारी पुस्तकं आहेत. पण त्याला आधी टिपण पाहिजे. कुठल्या पत्त्याला कुणी कसला... म्हणजे तसला... अर्थ लावलाय."

"कसला, मामा?"

"तसला गं!" मामाचे कान लाल झाले. "मी एक पान वाचलं. काठीचा एक्का. पुढे वाचवेना. तू सायन्सवाली, तुम्हा लोकांना कुठे लाज असते!"

हे मात्र खरं होतं. तीन वर्षं तिने फुलं उभी चिरून त्यांची जननेंद्रियं कागदावर काढली होती, बाण काढून नावं दिली होती आणि नीटनेटकेपणाबद्दल शाबासकी मिळवली होती. लिलीला पावित्र्याचं प्रतीक म्हणणारा लेखक भेटला की तिला त्याची कीव यायची. सहा पुंकेसर, मधोमध स्त्रीकेसर, सगळा कारभार उघड्यावर! पावित्र्यच हवं तर बिनफुलांचा नेचा घ्यावा. तो निदान लपूनछपून करतो.

पुस्तकांत गंमत होती. सर्वांत जुना लेखक मोठा भिडस्त. पेल्याच्या एक्क्यापाशी आला, की 'सुज्ञांस अधिक सांगणे न लगे' म्हणून पुढच्या पत्त्यावर उडी मारायचा. हे वाक्य त्याने चौदा वेळा वापरलं होतं, म्हणजे त्या काळी सुज्ञांचा तुटवडा नसावा. त्याच्यानंतरच्यांची भीड चेपली. तलवार म्हणजे ते, पेला म्हणजे ते, आणि वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याला तर एकाने साडेतीन पानं दिली होती. शेवटच्या पुस्तकवाल्याला म्हाताऱ्या संन्याशाच्या हातातला कंदीलही पुरला.

मोजपट्टी त्या सगळ्यांना पोट धरून हसली. मग पत्ते ओळीने मांडून, वाचता वाचता 'तसल्या' वाटलेल्या पत्त्यांना तिने स्वतःच लावलेल्या चिठ्ठ्या तपासायला घेतल्या आणि तिचं हसू आटलं. नाण्यांच्या नवव्या पत्त्यावर एक बाई बागेत उभी आहे, पायाशी गोगलगाय. गोगलगायीबद्दल एकोणीसही लेखक गप्प. चिठ्ठी मात्र होती, तिच्याच अक्षरात: 'लेखकांच्या नजरेतून सुटलेलं दिसतं.'

शहात्तर पत्त्यांपैकी तिच्या खुणा एकसष्टवर. त्यातल्या बावीस खुणांना एकाही लेखकाचा पाठिंबा नव्हता.

म्हणजे चाळणी म्हणे सुईला, तुला भोक आहे! तिने हिशेबीपणाने विचार केला. एकाच निरीक्षकावर विसंबणं हीच मुळात चूक. दुसरा निरीक्षक हवा, त्याने पहिल्याच्या खुणा न पाहता आपल्या खुणा करायच्या, मग जुळतात किती ते बघायचं. मामाचे कान आधीच भाजले होते. मामी चष्मा लावूनही फक्त कचरा बघायची. उरला बाइंडर.

बाइंडरची खोली दुकानाच्या मागे होती. तिथे तो फाटकी पुस्तकं शिवायचा, दाबयंत्राखाली ठेवायचा आणि शिवताना दोरा दातात धरून गुणगुणायचा. तो मोजपट्टीला आवडायचा. दुकानात आल्यापासून त्यांचं सगळं बोलणं खळ या एकाच विषयावर झालं होतं. खळ घट्ट झाली का, पातळ झाली का, उरली का. आता खळीपलीकडचं पहिलं वाक्य हे असणार होतं! त्याने आपल्याला वाह्यात समजू नये, एवढीच तिची इच्छा होती. म्हणजे एवढीच नव्हती, पण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून होतं.

ती पत्ते घेऊन गेली आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "तुम्ही फक्त चित्रं पाहायची. एखादं कामुक वाटलं तर चिठ्ठी, नाहीतर नाही. शास्त्रीय काम आहे."

बाइंडरने दातातला दोरा काढला. "आणि त्यावरून माझ्याबद्दल काय ठरणार?"

"तुमच्याबद्दल काहीच नाही. चित्रांबद्दल."

"तुमच्या किती आल्या?"

"ते आधी सांगता येत नाही."

"बरं, मग नाही करत."

"एकसष्ट," ती म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तरपैकी?"

"शहात्तर. दोन हरवलेत."

"हरवले नसतील. जीव घेऊन पळाले असतील." तो इतका हसला, की टेबलावरची कात्री खाली पडली. "अहो, तुम्हाला ना, कशातही दिसेल!"

मोजपट्टीचे कान मामाच्या कानांपेक्षाही लाल झाले. पळून जावं असं वाटलं. पण पळून गेलं तर हा आयुष्यभर हेच समजणार.

"कशातही नाही," ती म्हणाली. "पत्त्यांत आहे म्हणून दिसतं. सिद्ध करते. जिथे काही नसणारच, असं काहीतरी द्या मला."

बाइंडरने इकडेतिकडे पाहिलं. मोरीचा नळ बदलायचा म्हणून मामाने नळदुरुस्तीवाल्याकडून सामानाचं चित्रपुस्तक आणलं होतं. दोन प्रती होत्या. तोट्या, कोपर, चकत्या, पाईपाचे जोड, बत्तीस चित्रं.

"हे घ्या," तो म्हणाला. "यात दिसलं तर मात्र तुमचं कठीण आहे."

"तुम्हीही करायचं. पाठ करून बसायचं आणि बघायचं नाही."

"मी? मी कशाला?"

"तुलनेला. का हो, भीती वाटते?"

दोघं दोन स्टुलांवर पाठीला पाठ लावून बसले. मोजपट्टीने पेन्सिल उचलली आणि पहिल्याच पानावर तिचा घात झाला. पहिली तोटी. मग नर-मादी जोड. ही नावं तिने ठेवली नव्हती, छापलेलीच होती! मग रबरी चकतीतून जाणारा पाईप. अरे देवा!

एक सोपा मार्ग होता. बत्तीसही चित्रं कोरी सोडायची. अब्रू वाचली असती, बाइंडरने माफी मागितली असती आणि उद्यापासून पुन्हा सुखाने खळ. पाठीमागून त्याच्या पेन्सिलचा आवाज येत नव्हता. नसणारच, तो सभ्य माणूस. पण पाहिलेलं पाहिलं नाही असं लिहायचं, तर तीन वर्षं फुलं कशाला चिरली? मोजपट्टीने डोळे मिटले, उघडले आणि पहिल्या तोटीवर फुली मारली. मग दुसरीवर. मग थांबलीच नाही. आपण आता कायमच्या कामातून गेलो, हे तिला सातव्या चित्रापाशी पक्कं कळलं.

आठव्या चित्रापाशी पाठीमागे पेन्सिल खरखरली.

मोजणी तिसऱ्याने करायची असते. चहा घेऊन आलेल्या मामीच्या हातात दोन्ही प्रती दिल्या.

"या फुल्या कसल्या गं?"

"दुरुस्तीच्या," बाइंडर भिंतीकडे बघत म्हणाला.

"अगं बाई! मोरीला एक नळ बदलायचा तर एवढं सामान?" मामीने चष्मा पुसला, दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या आणि बोट ठेवत, मोठ्याने मोजायला लागली. बाइंडरने कात्री उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मोजपट्टी चहाच्या कपात बघत राहिली.

चित्रं बत्तीस. तिच्या फुल्या तेवीस, त्याच्या चोवीस. दोघांचं एकमत एकोणतीस चित्रांवर.