पहिलं नाव कुणाचं?

सिंगापूरच्या मराठी मंडळींची फुटबॉल लीग होती, आणि तिच्यात सेरंगून भागाचा संघ गेल्या वर्षी सपशेल शेवटचा आला होता. म्हणूनच या वर्षी पहिलं नाव पुकारायचा मान त्यांच्याकडे आला. लीगचा नियमच तसा. चार संघ, प्रत्येकाचे कप्तान आणि उपकप्तान ठरलेले; बाकीचे सगळे खेळाडू दर वर्षी नव्याने वाटून घ्यायचे. तळाच्या संघाने आधी निवडायचं, विजेत्याने शेवटी, आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. म्हणजे सेरंगूनला पहिलं नाव मिळालं, तरी त्यांचं दुसरं नाव थेट आठवं. या वाटणीला सगळे ड्राफ्ट म्हणत आणि खऱ्या सामन्यांपेक्षा तिचीच चर्चा जास्त रंगे.

साल दोन हजार चौदा. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता त्यांनाही फुटबॉलमधलं सगळं कळू लागलं होतं.

सेरंगूनची कप्तान होती क्षिप्रा. मूळची ठाण्याची, इथे एका बँकेत नोकरीला. ती कप्तान झाली त्याचं खरं कारण असं, की शेवटचा नंबर आल्यावर ते पद दुसऱ्या कुणाला नकोच होतं. त्याआधीची पाच वर्षं ती लीगमध्ये नुसती खेळली होती, आणि पाचही वर्षं तिचं नाव शेवटच्या फेरीत निघालं होतं. मैदानावर सातांपैकी दोन बायका हव्यातच, असा नियम होता. तेव्हा कप्तान लोक आधी आपापले पुरुष उरकून घेत आणि मग उरलेल्या जागी बायका भरत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. क्षिप्रालाही फारसं वाटत नसे. ती मैदानाच्या उजव्या कडेला उभी राही, हात वर करी, आणि चेंडू डावीकडून निघून जाई.

ड्राफ्टच्या आधीच्या शनिवारी ईस्ट कोस्टजवळच्या भाड्याच्या टर्फवर सगळ्यांची चाचणी झाली. क्षिप्राच्या बरोबर निवडीला दोघं होते. एक मुकुल, तिच्या संघाचा उपकप्तान. आयटीत मॅनेजर, पुण्याचा, आणि आपलं मत पुराव्याने सिद्ध झाल्याशिवाय जेवण न जाणारा. दुसरे प्रबोधकाका. ते साठीचे, निवृत्त अकाउंटंट, इथे येऊन इतकी वर्षं झाली की हॉकर सेंटरमधले, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईतले, चिनी म्हातारेही त्यांना नावाने हाक मारत. काका खेळत नसत. ते संघाचे व्यवस्थापक होते, म्हणजे सावलीत बसून सगळ्यांना पाणी द्यायचे आणि चुका सांगायचे.

चाचणीत शैलेंद्रने तीन गोल मारले. त्याच्याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोन वर्षं लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचे. उंच, वेगवान, आणि चेंडू त्याच्याकडे गेला की बाकीच्यांनी उभं राहून बघायचं एवढंच काम. पहिलं नाव त्याचं, हे जवळपास ठरलेलंच होतं.

पण परतीच्या वाटेवर क्षिप्राच्या डोळ्यांपुढून दुसरंच कुणीतरी हलेना. सविता नावाची एक बुटकीशी मुलगी चाचणीला आली होती. तिशीच्या आतली, कोल्हापूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चार महिन्यांपूर्वी बुकित बातोकला राहायला आलेली. तिने एकही गोल मारला नाही. ती धावलीही बेताचीच. पण ती ज्या बाजूने खेळली ती बाजू एकदम बरी दिसायला लागली. एरवी चेंडू पायात आला की गांगरून जाणारी माणसं शहाण्यासारखी खेळत होती, आणि आपण आज इतके चांगले का खेळतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये तिघं कॉफी घेऊन बसले तेव्हा क्षिप्राने हे बोलून दाखवलं. मुकुल आधी हसला आणि मग ती मस्करी करत नाहीये हे लक्षात आल्यावर गंभीर झाला. शैलेंद्रचे गोल किती, सविताचे किती, एवढाच त्याचा सवाल होता. पहिलं नाव हे वर्षातून एकदा मिळतं, ते असं अंदाजावर उधळायचं नसतं, असं त्याने तीन निरनिराळ्या प्रकारे सांगितलं. काकांनी मध्येच आठवण करून दिली की शैलेंद्र दोन वर्षं सर्वाधिक गोल मारतो खरा, पण त्या दोन्ही वर्षी त्याचा संघ काही जिंकला नाही. मुकुलच्या मते दोष बाकीच्या सहांचा होता. काका म्हणाले, दोन वर्षांत बाकीचे सहा निराळे होते, दोष मात्र तोच राहिला.

तिथून वाद पेटला. तो व्हॉट्सअॅपवर गेला, ऑफिसच्या वेळात चालला, रात्री जेवणाच्या ताटावर आला. मुकुलने इंटरनेटवरून कुठकुठल्या नामांकित संघांनी पहिलं नाव चुकवल्याच्या गोष्टी शोधून पाठवल्या. काकांनी उत्तरादाखल नुसते अंगठे पाठवले, आणि ते मुकुलच्या बाजूचे की विरोधातले हे कुणाला कळलं नाही. क्षिप्राचा नवरा सारंग बॅडमिंटनवाला. त्यानेही न विचारता शैलेंद्रला मत दिलं.

क्षिप्राला एक गोष्ट मात्र आतून टोचत होती. सविता बाई आहे म्हणून तर आपल्याला ती आवडली नसेल? पाच वर्षं शेवटच्या फेरीत उभं राहिल्याचा राग आपण हिच्या नावाने तर काढत नाही ना? तसं असेल तर ते संघाच्याही वाईटाचं आणि सविताच्याही. हे मुकुलला सांगायची सोय नव्हती. शेवटी एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती घरी जाण्याऐवजी एमआरटीने, इथल्या मेट्रोने, उलट दिशेला, बुकित बातोकला गेली.

सविता तिच्या ब्लॉकमागच्या हिरवळीवर एकटीच चेंडू खेळवत होती. इमारतीखाली भरपूर मोकळी जागा होती, पण तिथे चेंडू खेळायला मनाई असल्याचा बोर्ड होता. क्षिप्राला बघून ती आधी बावरली आणि मग मोकळेपणाने बोलायला लागली. कोल्हापूरच्या मुली ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात हे क्षिप्राने ऐकलं होतं. प्रत्यक्ष कानावर पहिल्यांदा पडलं. सविताचे वडील तिथल्या एका पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात खेळलेले. घरात मुलगा नाही, म्हणून ते हिला मैदानाच्या कडेला बसवत, आणि घरी आल्यावर कोण कुठे उभं होतं ते विचारत. चेंडू कुठे होता हे विचारत नसत. पुढे ती कॉलेजच्या संघातून खेळली, लग्न झालं, थांबलं.

क्षिप्राने बूट काढले आणि साडेनऊ ते सहाच्या ऑफिसच्या कपड्यांतच म्हणाली, मला एक पास दे.

“तुम्ही पळा ताई,” सविता म्हणाली. “बॉल येतोय.”

क्षिप्रा धावली. मागे वळून बघणार तोच चेंडू तिच्या पुढच्या पावलाजवळ येऊन थांबला होता, जणू तिच्या आधी येऊन वाट बघत होता. तिने पुन्हा धाव घेतली, तिरपी. चेंडू तिथेही हजर. पाच वर्षांत कुणी तिला ती जाणार होती तिथे चेंडू दिला नव्हता. घाम आणि हसू दोन्ही एकदमच फुटलं. सविता बाई आहे की बुवा, हा प्रश्न तिथेच गवतात राहिला.

पण तिने मनातलं सांगितल्यावर सविताने मानच हलवली. पहिलं नाव माझं नको, म्हणाली. नव्या गावात आल्या आल्या सगळ्यांच्या डोळ्यांत कशाला यायचं. मग तिने एक साधी युक्ती सांगितली.

“शैलेंद्रला घ्या की पहिला. मला कोण घेतंय तोवर? आठव्या नंबरला मी असतोच. दोघंबी मिळतील.”

हे मुकुलला कळल्यावर त्याचा आनंद गगनात मावेना. हीच तर हुशारी, म्हणाला. शेवटी मुलगी स्वतःच शहाणी निघाली. काकांनाही ते पटलं. तिघांचं एकमत झालं आणि ग्रुपवर दोन दिवस शांतता नांदली.

ड्राफ्टच्या दिवशी एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, क्लबहाउसमध्ये सगळे जमले. बटाटेवडे होते, चहा होता, लहान मुलांचा गोंधळ होता. क्षिप्रा नाव पुकारायला उभी राहिली तोवर तिच्या डोक्यात शैलेंद्रचंच नाव होतं. समोर तो पहिल्याच रांगेत बसला होता, आणि उठायच्या तयारीने त्याने खुर्ची जराशी मागेही सरकवली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, सविता. तिच्या शेजारी बाकीच्या बायका, नेहमीसारख्या, आपली पाळी यायला अजून वेळ आहे म्हणून गप्पा मारत. तिथे बसलेल्या स्वतःला क्षिप्राने इतक्या वेळा पाहिलं होतं, की तिला पुढचं सगळं वर्ष स्पष्ट दिसलं. पहिलं नाव शैलेंद्रचं, म्हणजे संघ शैलेंद्रचा. तो चेंडू मागणार आणि सगळे देणार. आठव्या नंबरची सविता कडेला उभी राहणार, हात वर करणार.

“सेरंगूनचं पहिलं नाव,” ती म्हणाली, “सविता.”

मुकुलच्या हातातला वडा तोंडाशी थांबला. सविता दारातून पळून जाते की काय असं वाटलं, पण शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं आणि मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत सविता पुढे येऊन क्षिप्राजवळ उभी राहिली होती, कान लाल झालेले.

दुसरं नाव बुकित बातोकच्या संघाचं. त्यांचा कप्तान संजीव कपाळाला हात लावून बसला होता. त्याने शैलेंद्रचं नाव पुकारलं आणि चहाच्या वेळी क्षिप्राला गाठून सांगितलं, की तो सविताच्याच ब्लॉकमध्ये राहतो आणि रोज सकाळी खिडकीतून तिचा खेळ बघतो. क्षिप्राने शैलेंद्रला घेतलं असतं, तर दुसरं नाव तो तिचंच घेणार होता. हे ऐकल्यावर मुकुल बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर त्यात मुळात घातलेलीच नव्हती.

तरी मुकुलचं समाधान झालं नाहीच, आणि पहिल्या सामन्यात तर त्याला बोलायला तोंडच मिळालं. बुकित बातोकने चार गोल घातले, तीन शैलेंद्रचे. सविता पास देई तिथे सेरंगूनचं कुणीच नसे. चेंडू सुंदर जाई आणि रेषेबाहेर जाई. क्षिप्रा त्या रात्री धड झोपली नाही. सकाळी काकांचा मेसेज आला: पास चुकत नाहीयेत, आपण उशिरा पोहोचतोय.

त्यांनी मग सरावात एकच गोष्ट केली. सविता मध्ये उभी राहून नुसतं नाव घेई, आणि ज्याचं नाव येईल त्याने न बघता पळायचं. मुकुल सुरुवातीला तोंड वाकडं करून पळाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने तसाच पळत जाऊन गोल मारला आणि नंतर घरी जाईपर्यंत तोच गोल सगळ्यांना समजावून सांगितला. सेरंगून एक सामना जिंकला, एक बरोबरीत सोडवला, पुन्हा जिंकला.

शेवटचा सामना पुन्हा बुकित बातोकशी आला. एकेक गोल झालेला असताना आभाळ काळं झालं, वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि पंचांनी सगळ्यांना छपराखाली हाकललं. दोन्ही संघ एकाच बाकावर दाटीवाटीने बसले. शैलेंद्र थोडा वेळ लांब उभा होता. मग सविताच्या शेजारी येऊन बसला. ड्राफ्टपासून तो सेरंगूनच्या कुणाशी नीट बोलला नव्हता.

“तुला दिसतं कसं?” त्याने विचारलं. “मी पळायच्या आधी?”

तिने त्याला वडिलांचं ते विचारणं सांगितलं. चेंडू सोडून माणसं बघायची, बस. तो ऐकत राहिला, आणि मग कबूल केल्यासारखं म्हणाला, की त्याने आजवर गोलशिवाय काही बघितलंच नव्हतं. मुकुलने ही संधी साधून तुझे गोल यंदा कमी का झाले याची चर्चा काढली. शैलेंद्रही काही कमी नव्हता. धोका टळल्याचा भोंगा वाजेपर्यंत ते दोघं भांडत राहिले आणि बाकीचे हसत राहिले.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा मैदान निसरडं झालं होतं. अगदी शेवटी सविताच्या पायात चेंडू आला. तिने नाव घेतलं, “ताई.” क्षिप्रा पळाली. चेंडू पुढे आला, पाणी उडालं, तिने पाय टाकला आणि घसरली. चेंडू तिच्या गुडघ्याला लागून, गोलकीपरच्या हाताखालून, अगदी सावकाश आत गेला. ती तशीच पालथी पडून बघत राहिली. पहिली तिच्या अंगावर येऊन पडली ती सविता, आणि मग मुकुल, आणि मग कोण कोण ते दिसलंच नाही.

कप ईस्ट कोस्टच्या संघाने नेला. सेरंगूनचा संघ दुसरा आला. हॉकर सेंटरमध्ये दोन टेबलं जोडून सगळे जेवायला बसले, त्यात बुकित बातोकचेही आले. सविताने कोल्हापूरला वडिलांना फोन लावला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला.

“किती मारलास?” वडिलांनी विचारलं.

“एक बी न्हाई.”

“मग दिलास किती?”

“दोन्ही माझेच पास. दुसरा ह्या ताईंनी मारला, बोला त्यांच्याशी,” असं म्हणून तिने फोन क्षिप्राच्या हातात दिला.

क्षिप्राने नमस्कार सांगितला. त्यांनी नमस्काराला उत्तर दिलं की नाही ते कळलं नाही; त्यांचा प्रश्न आधी आला.

“कुठल्या पायानं?”

क्षिप्राने टेबलाभोवती बघितलं. शैलेंद्र तिच्याकडेच बघत होता, मुकुलही.

“गुडघ्याने, काका,” तिने सांगितलं.

“चालतंय की,” कोल्हापुराहून आवाज आला. “आत गेला न्हवं?”