गुरुजींच्या घरी पाकिस्तान बोलायचा

मी लोटन गुरुजींचा रेडिओ बोलतोय. माझा आवाज ऐकला की शिंदखेड्यातली काही दारं बंद व्हायची, म्हणून आधीच सांगतो, घाबरू नका. मी फक्त ऐकलेलं सांगतो.

गुरुजींनी मला धुळ्याच्या दुकानातून मांडीवर घेऊन एसटीने आणलं. प्राथमिक शाळेतला साधा माणूस. पण आणीबाणीत निवडणुकांबद्दल उघड बोलले म्हणून काही महिने तुरुंगात राहून आलेले. सुटल्यावर नोकरी परत मिळाली, लोक मात्र त्यांच्याशी जपून बोलायला लागले. मग गुरुजी माझ्याजवळ बसायला लागले.

सकाळी माझ्यावर जळगाव केंद्राचे बाजारभाव लागत. संध्याकाळी गुरुजी लांबची केंद्रं शोधत. त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानात लोक रस्त्यावर उतरले. निवडणुका घेतो म्हणून गादीवर बसलेला लष्करशहा सहा वर्षं त्या पुढे ढकलत होता. सिंधमध्ये माणसं आपण होऊन अटक करून घेत होती, गोळ्या खात होती. लंडनच्या हिंदी बातम्यांत हे कळे. पाकिस्तानचं केंद्र म्हणे, चार गुंडांचा दंगा आहे. आणि अमेरिकेच्या केंद्रावरचा गोड गळ्याचा माणूस अफगाणिस्तानातल्या रशियन फौजांबद्दल सांगे, पाकिस्तानचा तो लष्करशहा जनरल आपला भरवशाचा मित्र आहे म्हणे, अन् रस्त्यावरच्या लोकांना एका वाक्यात उरकून टाकी.

गुरुजींची पत्नी द्रौपदाबाई चुलीपाशी बसून हे ऐके. तिला मी आवडत नव्हतो.

"पाकिस्तान कसाले लावतस तुम्ही? लोके काय म्हनतीन?"

"तठला लोके मत मांगी राहिनात," गुरुजी तिथल्या माणसांबद्दल म्हणाले. "आपू बी मांगं व्हतं ना?"

ती उठून खिडकी लावून आली.

भिंतीपलीकडे सुपडू आबा राहत. एके दिवशी ओट्यावर चार माणसांत ते हसत म्हणाले, "गुरुजी, आते तुमना घरमा पाकिस्तान बोलस!" सगळे हसले. त्या हसण्यात मला काहीतरी खटकलं. त्याच आठवड्यात भरदुपारी शिपाई आला आणि गुरुजींसकट मला ठाण्यात घेऊन गेला. चुगली कुणी केली ते मला आजही माहीत नाही. गुरुजींना सुपडू आबांचा संशय होता, आबांना नाक्यावरच्या पानवाल्याचा.

फौजदाराने मला टेबलावर ठेवून उलटंसुलटं केलं. आत काही लपवलंय का ते पाहिलं. मग विचारलं, "शत्रूचं केंद्र का ऐकता?"

"शत्रू नाही ऐकत, साहेब. तिथल्या लोकांचं काय झालं ते ऐकतो."

"अमेरिका ऐका ना मग. ते खरं सांगतात."

"पाकिस्तानचं सरकार म्हणतं, विशेष काही नाही. अमेरिकाही म्हणते, विशेष काही नाही. दोघांचं इतकं जुळतं, साहेब, म्हणूनच मला संशय येतो."

"आधी आत जाऊन आलायत ना तुम्ही?" फौजदाराचा आवाज बदलला. "परत जायचंय?"

तेवढ्यात दारात द्रौपदाबाई उभी दिसली. डोक्यावर पदर, पिठाचे हात तसेच.

"मीबी ऐकस, सायेब," ती म्हणाली. "रोज ऐकस. माले बी बसाडा आठे."

आणि ती खरंच गुरुजींशेजारी जमिनीवर बसली. फौजदार तिच्याकडे पाहत राहिला. बाईमाणसाला बसवून ठेवलं तर गावात बोभाटा होईल, हे त्याला दिसलं असावं. दिवस मावळायच्या आत त्याने आम्हाला सोडलं.

त्या संध्याकाळी मला तिने लावलं. खिडकी उघडी ठेवून.

पुढच्या महिन्यात गुरुजींची बदली शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. कारण कुणी सांगितलं नाही. आम्ही तिथे पाच-सहा वर्षं काढली. अठ्ठ्याऐंशीत पाकिस्तानचा जनरल विमान कोसळून मेला, निवडणूक झाली आणि एक बाई पंतप्रधान झाली. द्रौपदाबाईने गूळ वाटला. अमेरिकेचा तोच गोड गळा आता म्हणत होता, आम्ही लोकशाहीचे जुने मित्र आहोत. गुरुजींनी गूळ तोंडात टाकला आणि मला बंद केलं.

"काल जनरलचे मित्र होते," ते म्हणाले. "उद्या कुणाचे?"

गुरुजी गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी परत शिंदखेड्याच्या घरात फळीवर आहे. माझे सेल सडून गळले, काटा अडकला. यंदा, नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात, सुपडू आबांच्या घरी टीव्हीभोवती गर्दी झाली. पाकिस्तानात पुन्हा लष्कर आलं होतं. पडद्यावर नवा जनरल दिसला, मग टाय लावलेला एक अमेरिकन साहेब काळजी व्यक्त करून गेला. सगळे माना डोलावत होते. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं; जे दिसलं नाही ते द्रौपदाबाईने नंतर सांगितलं.

द्रौपदाबाई मागे उभी होती. तिने विचारलं, "आन लोके? तठला लोके काय म्हनी राहिनात?"

आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

माझ्यात आता तिला उत्तर आणून देण्याची ताकद नाही. तुमच्या घरात चालू रेडिओ असेल, तर तिच्यासाठी जरा लावून बघा.