नलूच्या सायकलीचा पेटारा

मी एक पेटारा आहे. लाकडाचा, लांबरुंद आणि खरं सांगायचं तर थोडा बेढब. मला पाहून तुम्ही म्हणाल, यात गोधड्या असतील. आज गोधड्याच आहेत. पण माझा जन्म गोधड्यांसाठी झाला नव्हता. मी एका सायकलीसाठी झालो, आणि तिला पोटात घेऊन मी विमानात बसून आलेलो आहे. बसा जरा. मला घाई नाही. तुम्हालाही नसेल तर सांगतो.

पेटारा होण्याआधी मी पेट्या होतो. आमच्या पुलगावला फौजेचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. तिथल्या रिकाम्या पेट्या लिलावात निघायच्या आणि गावचे सुतार त्या घ्यायचे. चिडाच्या झाडाचं हलकं, सरळ लाकूड. त्या लाकडाचं पुलगावात काय झालं नाही ते विचारा. पाट झाले, पलंग झाले, कोंबड्यांची खुराडी झाली, देव्हारे झाले. त्या फळ्यांवर काळ्या रंगाची इंग्रजी अक्षरं छापलेली असत. सुरुवातीला कोणी घासून काढत असेल. पुढे कोणी काढेना, आणि होता होता ती कोणाला दिसेनाशी झाली. रोज ज्या पाटावर जेवायला बसायचं, त्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतो? मला तर वाचताच येत नाही. तेव्हा माझ्या अंगावर काय होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

रूपराव गावाबाहेर भाजीची वाडी करत. वांगी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक, उन्हाळ्यात कांदे. त्यांची मुलगी नलू सकाळची भाजी सायकलीवर लादून बाजारात पोचवायची. भाजी कोमेजायच्या आत पोचायची म्हणून ती सायकल हाणायची, आणि हाणता हाणता शर्यती जिंकू लागली. आधी शाळेची, मग वर्ध्याची. वर्ध्याला मधुकररावांचं सायकलीचं दुकान होतं. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत धावायचे. त्यांनी आपली जुनी शर्यतीची सायकल, बारीक टायरांची, वाकड्या हँडलची, दुकानाच्या आढ्याला टांगून ठेवली होती. एक दिवस ती खाली काढली आणि नलूच्या हातात दिली.

"मोठ्या शर्यतीत नाई गेली कधी हे बिचारी," ते म्हणाले. "मी घेऊनच नाई जाऊ शकलो. तू ने."

नलूने नेली. पुण्याला शर्यत होती. सायकल पोत्यात गुंडाळून एका ट्रकात, संत्र्याच्या पेट्यांच्या मधे ठेवली. वाटेत कुठेतरी गाडी आदळली, पेट्या सरकल्या. कोणाची चूक म्हणायची? पुण्याला पोतं सोडलं तेव्हा पुढच्या चाकाला धरणारा चिमटा वाकलेला होता. नलू रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि दुसऱ्यांच्या सायकली जाताना पाहून परत आली.

मधुकररावांनी सायकल दुकानात घेतली. चिमटा सरळ केला. रूपराव मात्र बोलले. "दुसऱ्याची चीज हाय, नलू. एक डाव झालं. आता अजून एक डाव टेढी होऊन आली, तं शर्यत बंद. मंग माह्याजवळ रडजो नको."

हे ऐकलेलं सगळं आहे. मी तोवर बंडूजी सुतारांच्या भिंतीला टेकून पेट्याच होतो.

पुढच्या वर्षी नलूची निवड झाली, थेट देशाच्या शर्यतीसाठी. शर्यत त्रिवेंद्रमला, आणि बारावीचा शेवटचा पेपर तिच्या अगदी तोंडावर. रेल्वेने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मग शर्यतीच्या मंडळाने विमानाची तिकिटं पाठवली, एक नलूचं, एक तिच्या शाळेतल्या खेळाच्या वच्छलाबाईंचं. घरात सगळ्यांना विमानाचं कौतुक, आणि नलूला एकच घोर. सायकल विमानात कशी जाईल?

बापलेक सायकल घेऊन बंडूजींकडे आले. बंडूजी सायकलीभोवती हळूहळू फिरले.

"कवटी बनवाची हाय म्हणा ना," ते म्हणाले. "आतमंदी मगज, बाहेर हाड."

"मजबूत पाह्यजे," रूपराव म्हणाले.

"मजबूत बनवतो. पन इमान उडन ना रूपराव? का त्याले बी बैल जुपता?"

हलकाही हवा आणि टणकही हवा, असा पेच होता. बंडूजींनी माझ्या बाजूच्या आणि झाकणाच्या फळ्यांना रंधा मारून मारून त्या पातळ केल्या. बुडाला मात्र हात लावला नाही. भार बुडावर येतो, बूड जाडच हवं. रूपरावांनी पोळ्याच्या वेळचा, बैलांच्या शिंगांचा उरलेला निळा रंग आणला होता. तो झाकणाला आणि बाजूंना पुरला. बुडाला पुरला नाही.

"बूड कोन पाहते?" बंडूजी म्हणाले.

इतकंच. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बंडूजींच्या दुकानातल्या ज्या स्टुलावर रूपराव बसले होते, त्यावरही तीच अक्षरं होती.

नलूची आई आनंदाबाई. तिने जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून त्यात घरचा कापूस भरला. सरकी न काढलेला, वेचला तसाच. एक पिशवी चिमट्याला, एक हँडलाला, एक चाकांच्या मधे. पिशव्या दाबून बसवताना ती मला म्हणायची, "सांभाळजो रे बाप्पा." लाकडाशी इतकं आर्जवाने कोणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दारूगोळ्याशी लोक जपून वागतात, पण आर्जव करत नाहीत.

बंडूजींनी नलूकडून सायकल पुन्हा पुन्हा भरून घेतली, पुन्हा पुन्हा काढायला लावली. "आंधारात बी भरता आली पाह्यजे पोरी. मी काई तुह्यासंगं इमानात नाई येऊन राह्यलो."

शेवटचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव, नलू आणि वच्छलाबाई मला टेम्पोत घालून नागपूरच्या विमानतळावर आले. बॉम्बच्या भीतीने तेव्हा तपासणी कडक झाली होती. हे मला नंतर कळलं. दोन हमालांनी मला उचललं, काट्यावर ठेवायला आडवं केलं, आणि माझं बूड आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे झालं.

एक हमाल वाचणारा होता. त्याने मला खाली ठेवलं. टाकलं नाही, फार हळू ठेवलं, आणि चार पावलं मागे गेला. रांगेतली माणसंही मागे सरकली. एक साहेब आले. वाकून वाचलं.

"यात काय आहे?"

"सायकल हाय," रूपराव म्हणाले.

"इथे स्फोटक दारूगोळा लिहिलंय."

रूपरावांनी वाकून पाहिलं. "हो. ते तं लिहेलच राह्यते."

"लिहिलेलंच राहते म्हणजे?"

"आमच्या पाटावर बी लिहेल हाय साहेब. देवघरावर हाय. बुढीच्या बाजेवर हाय."

साहेब त्यांच्याकडे पाहतच राहिले. वच्छलाबाई पुढे झाल्या. "साहेब, आम्ही पुलगावचे. आमच्या इथं नवरानवरीच्या पलंगावर बी हेच राह्यते. मलेही आत्ताच दिसलं, खरं सांगते."

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांचं कामच तसं होतं. त्यांनी मला उघडायला लावलं. नलूने कुलूप काढलं. तिचा चेहरा पुण्याच्या रस्त्यावर कसा झाला असेल, ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी कापसाची पिशवी दाबून पाहिली. "हे बारीक बारीक गोळे कसले?"

"सरकी हाय," रूपराव म्हणाले. त्यांनी शिवण उसवून दोन बोंडांचा कापूस साहेबांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी बी दाताखाली धरून पाहिलं. मग पिशव्या निघाल्या, चाकं निघाली, सायकल निघाली. सगळं जमिनीवर मांडलं गेलं आणि मी रिकामा, तोंड वासून पडलो. विमान बाहेर उभं होतं. ते कोणासाठी थांबणारं नव्हतं.

तपासून झाल्यावर साहेब म्हणाले, "सायकलच आहे. माझी खात्री झाली. पण या अक्षरांनिशी पेटारा मी चढवू शकत नाही. मुंबईला विमान बदलायला उतरला की तिथले लोक पळतील. सायकल तशीच द्या, उघडी."

"उघडी नाई," नलू म्हणाली. तितकंच बोलली.

रूपराव तिच्याकडे पाहत राहिले. शर्यत बंद म्हणणारे हेच, आणि आता बंद होण्याची वेळ आली तर त्यांचाच हात खिशाकडे गेला. अडचण आली की त्यांचा हात तंबाखूकडेच जायचा. तंबाखूची पिशवी निघाली, चुन्याची डबी निघाली. त्यांनी नखाने चुना घेतला, आणि तो तंबाखूवर लावायचा सोडून तसेच उभे राहिले. मग खाली बसले आणि ते बोट माझ्या बुडावर फिरवलं.

पहिलं अक्षर पांढरं झालं.

"साहेब," ते म्हणाले, "झाकलं तं चालन ना?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पूर्ण झाकलं तर."

एका डबीत किती चुना असतो? दोन अक्षरांतच डबी संपली. रूपराव रिकाम्या डबीत बोट फिरवत होते. तेव्हा तो मागे सरकलेला हमाल पुढे आला आणि कमरेची डबी काढून म्हणाला, "हे घ्या काकाजी." दुसऱ्या हमालाने काढली. रांगेतल्या एका धोतरवाल्याने दिली. दाराशी उभ्या पोलिसाने इकडेतिकडे पाहून आपली सरकवली. वऱ्हाडनागपुराकडचा माणूस विमानाने जावो नाहीतर बैलगाडीने, खिशात चुना असतोच. रूपराव फासत होते, वच्छलाबाई पदराने सारखं करत होत्या, आणि नलू एकीकडे सायकल भरत होती. मागचं चाक, पिशवी, चिमटा, पिशवी. बंडूजींनी शिकवलं होतं तसंच.

एक शेवटचं अक्षर उरलं आणि सगळ्या डब्या संपल्या. साहेबांनी खाकरून घसा साफ केला, पँटच्या खिशातून एक लहानशी चकचकीत डबी काढली आणि दुसरीकडे पाहत रूपरावांसमोर धरली.

"लवकर करा," ते म्हणाले.

असा मी विमानात चढलो. विमानाचं मी काय सांगू? पोटात अंधार, भोवती अंधार, आणि थंडी. चुना वाळत होता आणि बूड आवळल्यासारखं होत होतं. एकदा जोराचा धक्का बसला. माझ्या कोपऱ्यावर कोणाची तरी ट्रंक आदळली, आणि कोपऱ्याला चीर गेली. ती चीर अजून आहे, बोट लावून पाहा. पण ट्रंकेचा भार माझ्या हाडावर राहिला, आत गेला नाही.

त्रिवेंद्रमला नलूने मला उघडलं. तिने सायकलीला आधी हात लावला नाही. डोळे मिटून नुसता चिमटा चाचपला, वरून खालपर्यंत. मग डोळे उघडले आणि माझ्या झाकणावर कपाळ टेकून थोडा वेळ तशीच बसली.

शर्यत मी पाहिली नाही. मी एका शाळेच्या व्हरांड्यात होतो. संध्याकाळी नलू धुळीने भरलेली आली, माझ्यावर बसली आणि केळी खाल्ली. सहावी आली होती. देशभरातल्या मुलींमधे सहावी. वच्छलाबाईंनी कितीतरी वेळा ते म्हणून पाहिलं.

परत आलो तेव्हा रूपराव फाटकाशी उभे होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सायकल?"

"सरळ हाय बाबा."

"मंग ठीक." आणि बऱ्याच वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, "अन् नंबर?"

मधुकररावांनी सायकल हातात घेऊन चाक फिरवलं, कान लावला. "मोठी शर्यत फिरून आली हे," ते म्हणाले. सायकल आढ्याला टांगली नाही. नलूकडेच ठेवली.

त्यानंतर मी आणखी दोनदा विमानात बसलो. आता नलूला नागपूरला नोकरी लागली आहे, नवी सायकल आहे, आणि तिच्यासाठी कंपनीचा प्लास्टिकचा, चाकांचा डबा आहे. हलका आहे म्हणतात. तो नलूने पहिल्यांदा घरी आणला तेव्हा माझ्याजवळ उभा केला होता. त्याने चिमटा सांभाळावा, बस.

मला घरात उभं केलं आहे, ओसरी आणि स्वयंपाकघराच्या मधे. तोंड आतल्या बाजूला. आत आनंदाबाईच्या गोधड्या. बूड ओसरीकडे, आणि रूपराव रोज बुडाला पाठ टेकून बसतात. दिवाळीला आनंदाबाई म्हणाली होती, "इतका पांढरा कायले ठेवला? निळा करून टाकू."

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

पाठीच्या घासण्याने चुना झिजतो. कुठे कुठे काळी अक्षरं पुन्हा डोकावू लागतात. रूपराव तंबाखू मळतात, मुठीतली चिमूट ओठाखाली धरतात, आणि बोटाला उरलेला चुना मागे न पाहता माझ्यावर पुसतात. दुसरं कोणी भिंतीला पुसेल. ते मला पुसतात, आणि बरोबर अक्षरावरच.

तुम्ही कधी आमच्या ओसरीवर आलात आणि खिशात डबी असली, तर चुना भिंतीला पुसू नका. मी इथेच उभा आहे.